आण्णांची कॅसेट



आज पिकाबद्दल कमी आणि कॅमेऱ्याबद्दल जास्त लिहितोय. पण शेवटी ज्वारीवरच येणार आहे, तेव्हा वाचा.

आमच्या आण्णांनी आयुष्यभर मालदांडी केली. गावात मळणीयंत्र आलं तरी बियाण्यापुरती ज्वारी ते खळ्यावरच मळायचे. तिवडा रोवायचा, बैल फिरवायचे, मग वावडीवर उभं राहून वाऱ्यावर उपणायचं. दाजींनी तेव्हा पुण्यात जुना हँडीकॅम घेतला होता, छोट्या कॅसेटचा, मिनी डीव्ही म्हणतात तो. एका सुगीला ते आले आणि त्यांनी दिवसभर खळं शूट केलं. नंतर आण्णा गेले. कॅसेट पेटीत पडली, तिच्यावर मीच पेनाने "खळं २००७" लिहून ठेवलं.

यंदा पोराने विचारलं, आजोबा कसे बोलायचे? पेटी उघडली. दाजींनी कॅमेराही देऊन टाकला होता. बॅटरी मेलेली, पण चार्जर थेट लावल्यावर चालू झाला. आण्णा दिसले आणि लगेच चित्राचे चौकोन झाले. आवाज तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला. पोटात गोळाच आला माझ्या.

तालुक्याला एका दुकानात दाखवलं. तो म्हणाला, कॅसेट खराब झाली, टाकून द्या. मी टाकली नाही. लग्नाचं शूटिंग करणारा एक ओळखीचा आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने मला सगळं नीट समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

लेन्सच्या मागे नखापेक्षा लहान चकती असते. तिच्यावर लाखो बारीक वाफे. पाण्याऐवजी त्यात उजेड पडतो आणि उजेडाची वीज साठते. जास्त उजेड, जास्त वीज. जुन्या कॅमेऱ्यात ही वीज एका वाफ्यातून शेजारच्या वाफ्यात सरकवत कडेपर्यंत नेतात आणि तिथे मोजतात. अगदी आपण दारं धरतो तसं. वाफ्याला रंग कळत नाही, म्हणून प्रत्येकावर रंगीत काचेचा कण असतो. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, एका चित्रात ७२० आडवे आणि ५७६ उभे ठिपके. म्हणजे चार लाखांच्या वर ठिपके, तेही सेकंदाला पंचवीस वेळा.

एवढे आकडे टेपवर मावत नाहीत. म्हणून चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून पाचपट दाबून लिहितात. तरी तासाला साधारण १३ जीबी होतात. बिघडलं की चौकोनच का दिसतात, ते मला तेव्हा कळलं. आवाजही त्याच तिरक्या रेघांत, वेगळ्या तुकड्यात लिहिलेला असतो, त्यामुळे चित्राबरोबर तोही जातो.

टेपची रुंदी जेमतेम सव्वासहा मिलिमीटर. तिच्यासमोर एक ढोल मिनिटाला ९००० फेरे घेतो आणि त्याच्या अंगावर दोन हेड असतात. हेडवर धुळीचा कण बसला तरी वाचन चुकतं. आणि आमची पेटी कुठे, तर धान्याच्या कोठीत! दोष टेपचा कमी, माझा जास्त.

त्याने सफाईची कोरडी कॅसेट दहा सेकंद फिरवली, जास्त नाही, कारण हेड झिजतात. मग आमची कॅसेट एकदा शेवटपर्यंत नेऊन परत आणली आणि लावली. चौकोन नव्वद टक्के गेले. फायरवायरची पिन नव्या लॅपटॉपला नसते, त्याच्या जुन्या कॉम्प्युटरला होती. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, घाई चालत नाही. पण उतरलं ते आकड्याला आकडा. पूर्वीच्या व्हीएचएसची कॉपी काढली की चित्र पुसट व्हायचं. वहीतला आकडा मात्र दहा वेळा उतरवला तरी तोच राहतो.

जाता जाता एक. मोबाईलवर रोगाचं पान पाठवताना बोटाने मोठं करून शूट करू नका. बऱ्याच फोनमध्ये त्याने नवीन काही दिसत नाही, आहे तेच ठिपके ताणले जातात. जवळ जा. आणि पिवळेपणा दाखवायचा तर शेजारी पांढरा कागद ठेवा. कॅमेरा उजेड बघून रंग स्वतःच सावरतो, संध्याकाळी तर हमखास फसवतो.

आता आण्णा. उपणता उपणता दाजींना सांगतायत: "बियाण्याला कणीस मधल्या रानातलं धरायचं. बांधाकडचं मोठं दिसतं, त्याला जागा न् ऊन जास्त मिळतं म्हणून. ते बियाणं चांगलं म्हणून नाही. फसू नको." पुढे "आणि दुसरं असं की" म्हणाले आणि तिथे चार सेकंद आवाज गेला. तीनदा लावून बघितलं, नाही आला. मी वीस वर्षं बांधाकडचीच कणसं धरत आलोय, कबूल करतो.

घरी सगळ्यांना दाखवलं. आई म्हणाली, "हे सातचं नाही. हा हिऱ्या आहे, त्याला आपण त्याच्या आधीच विकला." मी म्हटलं, कॅसेटवर लिहिलंय. ती म्हणाली, तुझ्या हातचं ना?

या कॅमेऱ्यात तारीख चित्रावर दिसत नसली तरी टेपवर आकड्यांत लिहिलेली असते. डेटा कोडचं बटण दाबलं. फेब्रुवारी २००६.

फाईल आता दोन वेगवेगळ्या डिस्कवर आहे, एक बहिणीकडे. कॅसेट डब्यात उभी, कोरड्या कपाटात. आण्णांनी "दुसरं असं की" नंतर काय सांगितलं, ते तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा आणि खाली लिहा.