गळाला किती टोकं हवीत?

मुंबईतल्या आणि कोकणातल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर रावस या नावापुढे बऱ्याचदा 'इंडियन सामन' असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात रावस आणि सामन यांचं काही नातं नाही. रावस आपल्या उबदार किनाऱ्यावरचा, खाडीच्या तोंडाशी फिरणारा मासा. सामन थंड पाण्यातला. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. पॅसिफिक किनाऱ्यावरचे चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक हे सामन तर अंडी घातल्यावर मरूनच जातात. म्हणजे नदीपर्यंत पोहोचलेला प्रत्येक मासा ही पुढच्या पिढीची एकुलती एक संधी असते. हे लक्षात ठेवलं, तर पुढे गळाबद्दल जे सांगणार आहे ते नुसतं हौशी लोकांचं खूळ वाटणार नाही.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. मासेमारी हा माझा विषय नाही. पण बालपण खाडीकाठी गेलं, त्यामुळे तंगूस, शिसं आणि कोळंबी लावलेला गळ हे सगळं हाताखालून गेलेलं आहे. आमचं गणित सोपं होतं. लहान मासा हवा तर लहान गळ, मोठा हवा तर मोठा. आमिष माशाच्या पोटात गेलं की गळही गेला, आणि मासा घरी आला.

माझा मामेभाऊ बरीच वर्षं कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात राहतो. ऑगस्टमध्ये त्याच्या मुलीच्या निकाहसाठी आम्ही गेलो होतो. पाहुणे पांगल्यावर तो मला व्हँकुव्हर बेटावरच्या पोर्ट अल्बर्नीला घेऊन गेला. तिथे समुद्राचा एक लांबलचक फाटा डोंगरांमधून जमिनीत शिरलेला आहे. आपल्या खाडीसारखाच, फक्त पाणी बर्फासारखं आणि काठावर माडांऐवजी देवदार. त्या दिवसांत स्टँप नदीवरच्या रॉबर्टसन क्रीक हॅचरीचे चिनूक सामन समुद्रातून परतत असतात.

होडीत बसल्यावर त्याच्या धाकट्या मुलाने ल्यूरांची पेटी उघडली. ल्यूर म्हणजे खोटा मासा. धातूचा चमच्यासारखा वाकलेला पत्रा असेल तर त्याला स्पून म्हणतात, माशाच्या आकाराचा ठोकळा असेल तर प्लग. होडी हळू चालवत हे पाण्यात खोलवर ओढत न्यायचे, म्हणजे ते हेरिंग माशासारखे लडबडत पोहतात. काही ल्यूरांना तीन टोकांचा तिहेरी गळ होता, काहींना एकेरी. पोरगा मला म्हणाला, "चाचू, अब्बा सगळे तिहेरी गळ काढून टाकायला सांगतात. तीन टोकं म्हणजे तीनपट चान्स ना?"

वर्गात असा प्रश्न आला की मला आनंद होतो, कारण उत्तर चुकीचं असलं तरी विचार बरोबर असतो. मी भाईजानकडे पाहिलं. त्याने सुकाणू सोडलं नाही, पण पुढचे दोन तास आम्हाला गळ शिकवला.

पहिली गोष्ट जोराची. मासा तोंड मारतो तेव्हा तंगुसाचा सगळा ताण गळाच्या टोकावर येतो. टोक एकच असेल तर पूर्ण ताण त्याच्या मागे लागतो आणि ते खोल घुसतं. चिनूकचा जबडा कठीण असतो, तिथे हे महत्त्वाचं. दोन टोकं एकदम टेकली तर ताण विभागतो आणि दोन्ही वरवर अडकतात. मग मासा गिरकी घेतो तेव्हा एक टोक दुसऱ्याला तरफेसारखं उचकटून काढतं. तिहेरी गळाला मासा सहज लागतो हे खरं, पण लागणं आणि होडीपर्यंत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत आपण 'गळाला लागला' म्हटलं की काम झालं असं समजतो. तिथे काम तिथून सुरू होतं.

दुसरी गोष्ट वजनाची. स्पूनचं लडबडणं हीच त्याची कमाई. त्याला फार जड गळ लावला तर तो मान टाकून सरळ ओढला जातो आणि कुठलाही मासा फसत नाही. फार लहान लावला तर गळाची कमान पत्र्याच्या आडच राहते, तोंडात पकडायला जागाच उरत नाही. म्हणून गळ बदलला की आधी होडीच्या कडेला ल्यूर ओढून पाहायचा. तो आधीसारखा नाचतोय का, एवढंच बघायचं. गळाचे आकडेही गमतीचे आहेत. १, २, ४, ६ असं वाढत गेलं की गळ लहान होतो, आणि १/०, २/०, ३/० असं गेलं की मोठा. चिनूकच्या मोठ्या स्पूनला तो ३/० ते ५/० वापरतो. कोहो लहान असतो, त्याच्या लहान स्पूनला १/० किंवा २/०. गळाची तारही पाहायची. बारीक तार पटकन घुसते, पण मोठा मासा ती सरळ करून निघून जातो. जाड तार वाकत नाही, पण ती घुसायला टोक फार तीक्ष्ण लागतं.

तिसरी गोष्ट सांध्याची. कोहो गळाला लागला की उड्या मारतो, अंगाभोवती गोल गोल फिरतो. गळ ल्यूरला घट्ट जोडलेला असेल तर त्या प्रत्येक गिरकीबरोबर ल्यूरचं वजन गळाला पिळत राहतं. ल्यूर आणि गळ यांच्यामध्ये एक फिरती कडी टाकली तर मासा हवा तेवढा फिरो, पीळ कडीत संपतो. भाईजानच्या मते निसटणारे मासे वाचवायला या चार आण्याच्या कडीइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती उलट्या काट्याची. आपण वापरतो त्या गळाच्या टोकाशी आत एक उलटा काटा असतो. तो गळ मागे येऊ देत नाही. ब्रिटिश कोलंबियात सामन धरताना हा काटा चालत नाही. बिनकाट्याचा गळ घ्यायचा, नाहीतर काटा पकडीने दाबून सपाट करायचा. नद्यांमध्ये तर एकेरी आणि बिनकाट्याचाच गळ, असा नियम आहे. मला वाटलं होतं, अशाने अर्धे मासे निसटत असतील. त्याने सांगितलं की सपाट टोक उलट जास्त सहज घुसतं, कारण काट्याचा अडथळा नसतो. फक्त तंगूस एक क्षणही सैल सोडायचं नाही. म्हणूनच तिथले लोक लांब दांड्याचा, रुंद कमानीचा, लांब टोकाचा गळ निवडतात. काट्याचं काम कमान आणि टोकाची लांबी करते.

नियम का आहे ते दुपारी कळलं. एक चिनूक लागला, पंधरा मिनिटं झुंजला आणि होडीपाशी आल्यावर मापापेक्षा लहान निघाला. भाईजानने त्याला पाण्याबाहेर काढलंच नाही. वाकड्या टोकाच्या एका दांडीने गळाची कमान धरली, उलटी केली, आणि मासा गेला. दोन सेकंद लागले असतील. तिहेरी गळ असता तर एक टोक जबड्यात, दुसरं कल्ल्यात आणि तिसरं जाळ्यात अडकलं असतं. मासा वर काढून, हातांनी दाबून, चिकट आवरण पुसून सोडला असता, आणि सोडून कदाचित मेलाच असता.

लहान माशाचंच असं नाही. किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी हॅचरीत वाढवलेला मासा ठेवता येतो, पण नदीत आपोआप जन्मलेला सोडावा लागतो. हॅचरीत पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा इवलासा मांसल पर कापतात. तो पर नसेल तर मासा हॅचरीचा. पण ही खूण दिसते मासा होडीपाशी आल्यावर. शंभर फूट खोल अंधारात गळाला कुणाची ओळख पटत नाही. जो तोंड मारेल त्याला तो धरतो. त्यामुळे गळ असा निवडायला हवा की तो धरण्यातही पक्का असेल आणि सोडण्यातही. जास्त मासे होडीत आणायचे म्हणून चांगला गळ हवा, हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं उत्तर परत पाठवलेल्या माशाकडे आहे.

त्याच पाण्यात राहणाऱ्या किलर व्हेलचा एक समूह आता सत्तरच्या आसपास उरला आहे. त्यांचं मुख्य अन्न चिनूकच. कॅनडा आणि अमेरिका दोन्ही देशांनी तो समूह धोक्यात असल्याचं जाहीर केलं आहे. सोडलेला चिनूक जगला तर नदीला मिळतो, नाहीतर व्हेलला. मेला तर हिशोबात कुणाच्याच नाही.

एक गोष्ट मात्र भाषेचा मास्तर म्हणून मला खुपली. त्या लांब दांड्याच्या गळाचं बाजारातलं नाव आहे 'सायवॉश'. हा शब्द चिनूक जार्गन या जुन्या व्यापारी बोलीतला. फ्रेंचमधल्या 'रानटी' या अर्थाच्या शब्दावरून तो आला आणि तिथल्या मूळ रहिवाशांसाठी वापरला गेला. पुढे गोऱ्यांच्या तोंडी तो शिवीसारखा झाला. म्हणजे माशाला एका जमातीचं नाव, आणि त्याच्या जबड्यात रुतणाऱ्या गळाला त्या लोकांना दिलेली शिवी. भाईजानला हे माहीत नव्हतं. दुकानदारालाही नसेल. आपल्यासाठी वापरले जाणारे काही शब्दही लोक असेच सहज उच्चारतात आणि वर म्हणतात, "आमच्या मनात काही नव्हतं." मनात नसेलही, पण ज्याला लागायचं त्याला लागतं. मी दुकानात "लांब दांड्याचा एकेरी गळ" असं म्हणून मागितला, आणि दुकानदाराने काही न विचारता तोच काढून दिला. काम अडलं नाही.

आपल्या खाड्यांमध्येही आता रॉड आणि ल्यूर घेऊन जिताडा, तांबोशी, रावस धरणारी तरुण मुलं दिसतात. बाजारातले बरेच ल्यूर तिहेरी गळ लावूनच येतात. त्यांना एवढंच सांगेन. एकदा कडी उघडून एकेरी गळ लावून पाहा. ल्यूर पाण्यात नीट नाचतोय का ते तपासा. टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढा. घसरलं तर बोथट, रुतलं तर चालेल. बोथट असेल तर कानस फिरवा. उलटा काटा पकडीने दाबा. घरी आल्यावर गळ गोड्या पाण्यात धुवा, कारण खारं पाणी टोक आधी खातं. पहिल्या दोन-तीन दिवसांत एखादा मासा जास्त निसटेल. मग हात तंगूस ताणून धरायला शिकेल. आणि वीतभर जिताडा लागला, तर तो तुमच्या हातून जिवंत परत जाईल. दोन वर्षांनी तोच मोठा होऊन पुन्हा तुमच्या ल्यूरला तोंड मारू शकतो.

पोराच्या प्रश्नाचं उत्तर मग त्याच्याच वहीतल्या गणितासारखं निघालं. तीन टोकांनी चान्स वाढतो तो मासा लागण्याचा. आपल्याला हवा असतो तो मासा आणण्याचा, आणि नको असेल तर धडधाकट परत पाठवण्याचा. त्या दोन्हींसाठी एक टोक पुरतं, फक्त ते तीक्ष्ण हवं.