मूठ आणि व्हॉल्व्ह

खरिपाच्या पेरणीत तिफणीमागून चालणाऱ्या बाईच्या मुठीवर साऱ्या घराचे वर्ष अवलंबून असे. चाड्यावर धरलेली मूठ ती किती सैल सोडते, यावरून दाणे दाट पडणार की विरळ, हे ठरे. फणात चिखल भरून नळी बुजली, तर बैल चालत राहत, तासही पडत राहत; जमिनीत मात्र दाणा जात नसे. आणि हे कळायचे केव्हा? तर एक ओळ उगवलीच नाही, म्हणजे! म्हणून जाणत्या बाईची नजर बैलांकडे नसे, नळ्यांकडे असे.

खानदेशातील एका केळीच्या मळ्यात अशी मूठ धरलेली एक आजी आहे. मळ्यात आता ठिबक सिंचन आले आहे. टाकीत विरघळवलेले खत पाण्याबरोबर थेट झाडांच्या मुळांशी जाते. टाकीतून ते ओढून घेते ती व्हेन्चुरी, म्हणजे मध्यभागी अरुंद झालेली एक आखूड नळी. अरुंद जागेतून पाणी वेगाने धावते. वेग वाढला की तेथील दाब उतरतो आणि खताचे द्रावण आपोआप वर ओढले जाते. पाण्याच्या या वर्तनाचा अभ्यास इटलीतील जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेन्तुरी या शास्त्रज्ञाने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचेच नाव या नळीला मिळाले.

व्हेन्चुरी मुख्य नळाला बगलेने जोडलेली असते आणि तिच्या दोन टोकांच्या मध्ये, मुख्य नळावर, एक व्हॉल्व्ह असतो. तो थोडा मिटला की काही पाणी व्हेन्चुरीतून वळते. सताड उघडा ठेवला, तर पाणी सरळ निघून जाते व खत जागचे हलत नाही. फार मिटला, तर शेवटच्या ओळींना पाणीच पुरत नाही. जुनी मूठच ही, केवळ हाताची नव्हे एवढेच.

केळीला घड लागले असताना एके दिवशी तास झाला तरी टाकीतील पातळी उतरेना. नातीचे वडील व्हॉल्व्ह आवळत गेले. खत आले नाहीच. उलट पलीकडच्या ओळींत पाणी ठिबकायचे थांबले.

बांधावरून आजी म्हणाली, "अरे, मूठ मागाहून आवळ. आधी नळी कुठं बुजली ते पाहा."

वडिलांनी व्हॉल्व्ह पूर्वीच्या खुणेवर आणला. नातीने खताच्या नळीचे टोक टाकीतून काढले, त्यावरील गाळणी उतरवली आणि टोक स्वच्छ पाण्याच्या बादलीत धरले. बादली भराभर रिकामी होऊ लागली. म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष होता, व्हेन्चुरीही निर्दोष होती. गाळणीवर मात्र पांढरा साका घट्ट बसला होता. घाईघाईत कॅल्शियम नायट्रेट आणि स्फुरदाचे खत एकाच टाकीत कालवले गेले होते. ही खते एकेकटी पाण्यात सुखाने विरघळतात. एकत्र आली की त्यांचा न विरघळणारा साका होतो. टाकी धुऊन एकच खत भरले. नातीने टाकीवर खडूने रेघ ओढली. पातळी रेघेखाली उतरू लागली, तेव्हा वडील समाधानाने जेवायला गेले.

थोड्याच वेळात वीज गेली. पंप थांबला. नातीने दुसरी रेघ ओढली आणि ती तशीच पाहत राहिली, कारण पाणी त्या रेघेच्याही खाली जात होते! मळ्याकडचे पाणी तर थांबले होते. मग खत चालले होते कोठे? नळातील पाणी उताराने विहिरीकडे परतत होते आणि जाताना टाकीतील द्रावण ओढून नेत होते. हे टाळण्यासाठी पंपाजवळ एकाच दिशेने उघडणारी झडप असते. त्या झडपेत खडा अडकला होता, हे पुढे उघडल्यावर कळले.

त्या विहिरीचे पाणी घर पीत होते, आणि घरात चार महिन्यांचे बाळ होते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट वाढले, तर तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. नातीला हे त्या वेळी ठाऊक नव्हते. खत विहिरीत जाता कामा नये, एवढे तिला कळत होते. तिने धावत जाऊन टाकीच्या नळीवरील कॉक बंद केला आणि मग वडिलांना हाक मारली.

विहिरीचे पाणी तपासून येईपर्यंत पिण्याचे पाणी गावच्या नळावरून आणले गेले. आता पंप बंद झाला की टाकीवर रेघ ओढली जाते, आणि आजी बांधावरून विचारते, "रेघ जागेवर आहे ना गं?"