तात्यांची रॅली

करकंबच्या आमच्या घरात जिन्याखालच्या अंधारात एक सायकल वीसेक वर्षं भिंतीला टेकून उभी होती. हँडलला लसणाच्या जुड्या, कॅरिअरवर रिकामी पोती, सीटवर मांजराचा मुक्काम. घरात तिचं नाव 'रॅली'. तात्यांची रॅली. आजोबांना आम्ही तात्या म्हणायचो. ते मास्तर होते. मोडनिंबच्या बाजूला एका वस्तीवरच्या शाळेत रोज हिच्यावरून जायचे.

मागल्या दिवाळीत मी ती ओढून अंगणात उजेडाला आणली. टायर विरलेले, रिमांवर तांबूस खवले. हँडलखालच्या नळीवर जिथं कारखान्याचा बिल्ला असतो, तिथं दोन भोकं तेवढी उरलेली. बिल्ला गेला की नाव गेलं असं पाहणाऱ्याला वाटतं. पण जुन्या इंग्लिश कारखानदारांनी आपली खूण आणखी एका जागी ठेवलेली असे, पायडलच्या दातेरी चक्रात. बीएसएच्या चक्रात ती तीन अक्षरं कोरलेली, रॅलेच्या चक्रात बगळा, हंबरच्या चक्रात ओळीनं माणसांच्या आकृत्या. चाळीस वर्षांचं वंगण आणि रस्त्याची माती मिळून आमच्या चक्रावर बोटभर थर चढला होता. रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंध्यांनी मी दोन दिवस तो खरवडला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या काळ्या थरातून एक हात वर आला. उघडा पंजा, बोटं ताठ. मोहरमला सवारीत निघतो तसा. मी चिंधी खाली ठेवली आणि नुसता बघत बसलो.

हा पंजा रज-व्हिटवर्थचा. कॉव्हेंट्रीची रज आणि बर्मिंगहॅमची व्हिटवर्थ या दोन कंपन्या १८९४ मध्ये एक झाल्या, आणि आयर्लंडच्या अल्स्टर प्रांताचा लाल पंजा त्यांच्या सायकलींवर मिरवत राहिला. मी आत जाऊन आजीला सांगितलं, "आजी, ही रॅली नाही. रज आहे, रज." ती ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "ते रॅलीच म्हणायचे." तिच्या लेखी विषय तिथं संपला.

माझ्या लेखी संपला नव्हता. पेठेत एक चाचा आहेत. एकेकाळी त्यांच्या दुकानात भाड्याच्या सायकली ओळीनं उभ्या असायच्या. आता पोरगा मोटारसायकलींची पंक्चर काढतो आणि चाचा बाजूच्या बाकावर बसून असतात. मी चाक नसलेला सांगाडा खांद्यावर घालून त्यांच्यापुढं नेला, तर ते उठून उभे राहिले. क्रँकची कॉटर काढायला मी हातोडी उचलली, तसा त्यांनी माझा हात धरला. "आधी खालून टेका दे." पोकळ पाइपचा एक तुकडा त्यांनी क्रँकखाली जमिनीवर उभा केला. टेका नसला की घाव छर्‍यांमधून जातो आणि वाटीत खड्डे पाडतो. मग चाक कितीही सरळ असो, पायडल कुरकुरतं. एका घावात कॉटर सुटली. वाटी बाहेर आली. चाचा म्हणाले, "आता आटे मोज."

मी पट्टी लावून मोजले. इंचात सव्वीस. पुन्हा मोजले, सव्वीसच. बाकीच्या इंग्लिश कारखान्यांच्या सायकलींत इथं इंचाला चोवीस आटे असायचे. सव्वीस ही रॅलेची स्वतःची रीत. दुसऱ्याची वाटी त्यात बसत नाही, बळानं पिळली तर दोन्हीकडचे आटे झडतात. आणि रजचा सायकलींचा धंदा १९४३ मध्ये रॅलेनं विकत घेतला होता. तेव्हापासून पंजाच्या सायकली नॉटिंगहॅमला रॅलेच्या कारखान्यात, रॅलेच्या मापानं बनू लागल्या. म्हणजे खूण रजची आणि आटे रॅलीचे. तात्यांना दुकानदारानं सांगितलं असेल, की त्यांना नुसतंच ठाऊक होतं? आजीची मात्र मी मनोमन क्षमा मागितली.

मागच्या हबवर 'एडब्ल्यू' ही अक्षरं आणि शेजारी ४९ हा आकडा होता. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब, १९४९ सालचा. एवढ्यावरून सायकलचं साल सांगू नये. चाकं बदलली जातात आणि हब फक्त स्वतःचं वय सांगतो. पण हा हब उघडून बघण्यासारखी दुसरी गोष्ट मला सायकलीत माहीत नाही. मधोमध आसाला जखडलेला वीस दात्यांचा सूर्य. त्याच्याभोवती फिरणारे वीस-वीस दात्यांचे चार ग्रह. त्यांना कवेत घेणारं साठ दात्यांचं कडं. हे मी अलंकारानं म्हणत नाही, कारागीरही या चाकांना सूर्य आणि ग्रहच म्हणतात. दुसऱ्या गिअरला चेनचं चाक फिरेल तेवढंच मागचं चाक फिरतं. तिसऱ्याला ग्रह पुढं चालतात आणि कडं त्यांच्यामागून वेगानं पळतं, चेनच्या तीन फेऱ्यांत चाकाच्या चार. पहिल्याला उलटं, चारात तीन. हे सगळं मुठीत मावेल एवढ्या डबीत. तिला तेल पाजायला पाठीवर छोटं टोपण असतं. कुणीतरी त्यातून एरंडेल ओतलं होतं आणि ते आत गोंदासारखं थिजून सूर्यमालेला धरून बसलं होतं. रॉकेलमध्ये तीन रात्री बुडवून ठेवलं, तेव्हा चौथा ग्रह सुटला.

आसाच्या पोकळ टोकातून बाहेर येणारी, गिअरच्या तारेला जोडणारी बारीक साखळी तुटलेली होती. ती पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली, कुलपं आणि पितळी नळांच्या ढिगात. विकणाऱ्याला ती कशाची हे ठाऊक नव्हतं. मला होतं, म्हणून हात थरथरला.

ही सायकल करकंबला कशी आली असेल? बोटीनं मुंबईला, मोठ्या रेल्वेनं कुर्डुवाडीला, आणि तिथून बार्शी लाइटच्या अडीच फुटी रुळांवरून मोडनिंबला, असा माझा अंदाज. ती गाडी १९०६ पासून पंढरपूरला जात होती. आपल्याकडे सायकलीचं वेड त्याहून जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे; किर्लोस्कर ब्रदर्स आपला आरंभ १८८८ पासून, त्या दुकानापासून मोजते. डनलॉपनं हवेचा टायर केला तोही १८८८ मध्येच.

एक चूक माझ्या हातून झाली आणि ती भरून येणार नाही. गंज दिसला म्हणून मी मागच्या मडगार्डवर पॉलिश पेपर फिरवला. गंज गेला, पण त्याखाली नॉटिंगहॅमच्या कारागिरानं ओढलेली केसाएवढी सोनेरी रेघही गेली. वीतभर. उरलेल्या सांगाड्याला मग मी पेपर लावलाच नाही. मऊ फडक्यावर जवसाचं तेल घेऊन हळू पुसत गेलो. काळा रंग खोल उजळला, रेघा जागच्या जागी वर आल्या. उघड्या लोखंडी भागांना चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवलं.

पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, २०१७ पासून. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूट सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकल तिथं जवळून बघता येते. तिथल्या मालिकेपुढं उभं राहिलं की आपल्या सायकलीतलं परकं काय ते लगेच कळतं. आमचं कॅरिअर लोहारानं केलेलं, बोरांची पाटी बसावी म्हणून रुंद. सीटच्या कातड्याला खालून चामड्याचं ठिगळ, टाके सुरेख. आणि पंजाचं एक बोट मुळाशी कधीतरी तडकलेलं, पितळ वितळवून सांधलेलं. निकेल करून देणारा म्हणाला, सगळं एकसारखं चकाचक करू, पितळ दिसणारसुद्धा नाही. मी चक्र परत घेतलं. नॉटिंगहॅमला या सायकलीनं फार तर काही आठवडे काढले असतील, उरलेला जन्म करकंबला. तो सांधा, ते ठिगळ, ते रुंद कॅरिअर मला खऱ्या रजच्या कुठल्याही भागाइतके अस्सल वाटतात. चाचांनी पितळेवरून अंगठा फिरवला, पण कुणाचं काम ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आषाढ लागला तेव्हा ती रस्त्यावर आली. पैठणहून निघालेली नाथांची पालखी करकंबवरून पुढं गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मोडनिंबला जाऊन आलो. जाताना वारा पाठीशी, तिसरा गिअर, हबमधून सारखी टिकटिक. येताना पश्चिमेचा वारा छातीवर. पहिल्याला टाकलं आणि टिकटिक थांबली. आतल्या ज्या कळा एरवी मोकळ्या घसरून वाजतात, त्याच आता ओढायला लागलेल्या. घरापर्यंत सायकल मुकी आली.

आजी उंबऱ्यात बसली होती. मी अगदी जवळ आल्यावर दचकली.

"असंच व्हायचं," ती म्हणाली. "थंडीत वेशीपासून टिकटिक यायची. मी चहाचं आधण ठेवायची. आषाढात मात्र कळायचंच नाही, एकदम दारात उभे."