सही माझी होती

गोसीखुर्दच्या कामावर असलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारतात : केव्हा संपणार? पायाभरणी 22 एप्रिल 1988 ची. 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वैनगंगेवर 33 दरवाज्यांचं धरण उभं राहिलं, पण शेतापर्यंत पाणी नेण्याची कामं रेंगाळली. अशाच एका बंदनलिकेच्या कामाचं नियोजन मी ठेकेदाराकडून पाहत होतो. सुरक्षेचे कागदही माझ्याच गळ्यात.

आम्ही आठवडाभर मागे पडलो होतो. एका रात्री एआयला वेळापत्रक दिलं आणि दिवस भरून काढायला सांगितलं. त्यानं सुचवलं : पोकलेन रिकामं ठेवू नका, खोदाई पाइप टाकणाऱ्या टोळीच्या बरीच पुढे जाऊ द्या. सोबत जोखीम-तक्ता दिला, नीटनेटका. टेकू, शिडी, कठडा, सगळं त्यात होतं. मी सही केली आणि झोपलो.

दोन गोष्टी मी त्याला सांगितल्याच नव्हत्या. माती कन्हार होती. भिजली की फुगणारी, वाळली की तडकणारी. आणि चर जागोजागी दोन मीटरहून खोल जाणार होता. खोदाई पुढे पळाली की चर तितके दिवस उघडा राहतो, हे तर मला कुणी सांगायची गरजच नव्हती. मधल्या दिवसांत अवकाळी पाऊस पडला, मग कडक ऊन.

सकाळी मुकादमानं हाक मारली, "साहेब, इकडं पाहा, भेग पडून राहिली." काठाला समांतर, वीतभर आत, बोट जाईल एवढी फट. उपसलेली माती अगदी काठावर रचलेली. ती काठापासून किमान 1.5 मीटर किंवा चराच्या खोलीच्या निम्मी, यांत जे जास्त तेवढी लांब हवी, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. तरी मोबाइलमधला तक्ता पाहून म्हणालो, "जेवणानंतर बघू." टेकू तक्त्यात होते, चरात एकही नव्हता.

जेवणाच्या सुटीत ती बाजू ढासळली. दोन फावडी आणि पाण्याची कॅन गाडली गेली. माणसं झाडाखाली डबे उघडून बसली होती म्हणून वाचली. त्यात माझं कर्तृत्व शून्य.

याच प्रकल्पात डाव्या कालव्याचं निकृष्ट अस्तरीकरण उखडून पुन्हा करावं लागलं. कागद आणि काम यांतला फरक इथे कुणी कुणाला शिकवायला नको. मी मात्र विसरलो.

एआय मी आजही वापरतो : वेळापत्रकाला, मजुरांसाठी सूचना हिंदीत करायला, माझ्या यादीत काय सुटलं ते शोधायला. पण आधी चराच्या काठावर उभा राहून माती, खोली, पाणी आणि भेगा वहीत हातानं लिहितो. त्यानं दिलेला प्रत्येक आकडा मूळ नियमाशी ताडतो. मुकादम "थांबा" म्हणाला की काम थांबतं, का ते नंतर विचारायचं.

एआयनं माझे दोन तास वाचवले होते. ते चराच्या काठावर घालवायला हवे होते. तुमच्याही टेबलावर असा नीटनेटका तक्ता आला, तर सही करण्याआधी चरापर्यंत चालत जा.