झाडीपट्टीचे तबकडीस्वार

पुण्या-मुंबईच्या मंडळींना गोंदिया ठाऊक असते ते रेल्वेच्या वेळापत्रकातले. हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत नागपूर सुटल्यावर जेवणाचे डबे उघडतात, आवराआवर होते न होते तोच गोंदिया येते, आणि महाराष्ट्र इथेच संपला असे समजून माणसे पांघरूण ओढून घेतात. वास्तविक महाराष्ट्र त्यानंतरही आमगाव, सालेकसा, दरेकसा असा काही स्टेशने पुरतो. पण त्याची दखल घ्यायला जागे असते कोण?

भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा निघालेला हा जिल्हा. उत्तरेला मध्य प्रदेशातले बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, आणि मध्ये भाताच्या बांध्या, तळी, बोड्या आणि जंगल. नोकरीच्या निमित्ताने मी इथे आलो त्याला बारा वर्षे झाली. हा मुलूख डोळ्यांनी पाहायचा तसाच कानांनी ऐकायचाही आहे, हे माझ्या हळूहळू ध्यानात आले. तांदळाच्या गिरण्यांची घरघर, मालगाड्यांची धडधड, आणि पहाटे बांधीतून सारसांच्या जोडीची हाक. नर आणि मादी एकमेकांच्या सुरात सूर मिळवून अशी काही हाक देतात की ती दूरवरच्या शिवारात ऐकू जावी. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे.

आणि दिवाळी झाली की या सर्वांवर ताण करणारा आवाज सुरू होतो, तो डीजेचा!

डीजे हा शब्द उच्चारताच आपल्याकडची वडीलधारी मंडळी खिडक्या लावून घेतात. खिडक्या लावणाऱ्यांच्या पंथातला मीही आहे. परंतु माझ्या वर्गातला एक विद्यार्थी पुढे डीजे झाला, आणि त्याच्यामुळे या धंद्याची आतली बाजू मला पाहायला मिळाली. आपण त्याला ‘धाकटा’ म्हणू. ज्याच्या हाताखाली तो शिकला तो त्याचा चुलतभाऊ, म्हणून ‘थोरला’. दोघेही आमगाव तालुक्यातले, घरी धानाची शेती. पावसाळ्यात दोघेही रोवण्याच्या चिखलात असतात. भाऊबीज झाली की ट्रकवर.

भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. शेजारपाजारच्या गावांचे दिवस सहसा वेगवेगळे ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे फिरता येते. दिवसा दुकाने, पाळणे, लेकी-जावई, सोयरिकीच्या गोष्टी. रात्री दंडार नाही तर नाटक. गतवर्षी धाकट्याने मला अशाच एका मंडईला नेले. “सर, तुमी मागं बसा. समोरून नुसता आवाज आयकू येते, मागून काम दिसते,” तो म्हणाला.

हे काम समजायचे तर थोडे मागे गेले पाहिजे. ‘डिस्क जॉकी’ हा मूळचा अमेरिकन रेडिओवरचा शब्द. डिस्क म्हणजे तबकडी आणि जॉकी म्हणजे शर्यतीच्या घोड्यावरचा स्वार. तेव्हा आपण त्याला ‘तबकडीस्वार’ म्हणायला हरकत नाही. आपल्या देशातला सर्वांत लाडका तबकडीस्वार कोण, असे विचाराल तर मी अमीन सायानींचे नाव घेईन. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि घराघरांतल्या माणसांनी बुधवारची संध्याकाळ त्यांच्या नावे करून टाकली. खेड्यापाड्यांत मात्र तबकडीवर स्वार होता तो लग्नाच्या मांडवात सुई बदलणारा लाउडस्पीकरवाला. आंब्याच्या फांदीला कर्णा बांधायचा, आणि कोणत्या घटकेला कोणती तबकडी लावायची हे ठरवायचे, हा त्याचा अधिकार. वरमाईच्या आगमनाला रडके गाणे लागले तर मानपानाचा प्रश्न उभा राही!

त्यानंतर कॅसेटी आल्या. नागपूरपासून दुर्ग-रायपूरपर्यंतच्या पट्ट्यात धुमाल आला. धुमाल म्हणजे वाजवणाऱ्यांचा चालता ताफा: ढोल, ताशे, पॅड आणि गाण्याची चाल काढणारा ‘बँजो’. हा बँजो म्हणजे खरे तर बुलबुलतरंग, आणि त्याचे मूळ घर जपान. १९१२ साली नागोया शहरात मोरिता नावाच्या गृहस्थाने टाइपरायटरसारख्या कळा असलेले तंतुवाद्य बनवले. आज त्याचा वंशज गोंदियाच्या वरातीत वाजतो आहे. डीजे आला तो या धुमालच्या शेजारी. थोरला आधी धुमालमध्ये पॅड वाजवत असे. पुढे त्याने हप्त्यांवर पेट्या घेतल्या आणि तो डीजेचा मालक झाला.

धाकट्याची उमेदवारी त्याच्याकडे सुरू झाली तेव्हा तो बारावीत होता. पहिले वर्ष नुसते पेट्या उचलण्यात गेले. ट्रकवर कोणती पेटी कुठे बसते, कोणता पट्टा कुठे आवळायचा, हेच शिक्षण. “दादा म्हने, पेटीचं वजन खांद्याले समजलं, मंग तिचा आवाज कानाले समजते.”

दुसरे वर्ष तारांचे. इथे मला पहिल्यांदा चकित व्हायला झाले. दोन बेसच्या पेट्या शेजारी ठेवल्या आणि एकीच्या तारेची टोके उलटी जोडली गेली, तर एक पेटी हवा पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे ओढते. दोघींचे भांडण लागते, आणि आवाज दुप्पट व्हायच्याऐवजी बेस पळून जातो. नवखा पोरगा अशा वेळी बटन आणखी पिळतो. जाणता पोरगा खाली उतरून तारा तपासतो. चालू करताना मिक्सर आधी आणि अँप शेवटी. बंद करताना अँप आधी आणि मिक्सर शेवटी. क्रम चुकला तर ‘धप्प’ असा एकच दणका बसतो आणि स्पीकर फाटायची भीती असते. स्वयंपाकघरात फोडणीचा क्रम असतो ना, तसेच हे.

तिसरे वर्ष कानांचे, आणि तेच खरे. वाजणारे गाणे सगळे गाव ऐकत असते. डीजे एका कानाला हेडफोन लावून पुढचे गाणे ऐकत असतो. दोघांची चाल मिनिटाला किती ठोके हे पाहून सारखी करायची, नव्या गाण्याची सम जुन्याच्या समेवर आणून बसवायची, आणि मग जुन्याचा बेस उतरवत नव्याचा चढवायचा. दोन्ही बेस एकदम राहिले तर चिखल होतो. संगणकाच्या पडद्यावर ठोके दिसतात, यंत्र ते आपोआप जुळवूनही देते. परंतु कुठे सोडायचे आणि कुठे उचलायचे, हे यंत्राला सांगता येत नाही.

त्या मंडईत एक कोळीगीत वाजत होते. नाचणारे रंगात आले होते आणि पुढे एका सिनेमाच्या गाण्याची फर्माईश आली. धाकटा माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, हे सहाचं हाय आन् ते आठाचं. आता पाहा.” मी चमकलोच. हाच मुलगा माझ्या छंदःशास्त्राच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसायचा. आठ मात्रांचे आवर्तन आणि सहा मात्रांचे आवर्तन यांचा भेद माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त मांडला, एकाला पद्मावर्तनी म्हटले, दुसऱ्याला भृंगावर्तनी, आणि आम्ही तो फळ्यावर खडूने लिहीत आलो. धाकट्याने तो पायांनी सोडवला होता. सहाचे दोन तुकडे तीन-तीनचे, आठाचे दोन तुकडे चार-चारचे. तुकड्यांच्या सुरुवातीचे ठोके जुळवले की नाचणाऱ्याचा पाय पडायचा तिथेच पडतो. आतल्या मात्रा बदलल्या हे त्याच्या नंतर लक्षात येते. ओळ संपून क्षणभर श्वास घेतला जातो तिथे, म्हणजे आमच्या भाषेत यतीवर, त्याने गाणे सोडले. दीडशे माणसांपैकी एकाचाही पाय अडखळला नाही!

“पाय मोडला नाही पायजे, सर,” तो म्हणाला. “आवाज वाढवाले अक्कल लागत नाही. बटन त लहान पोरगंही फिरवते. कवा कमी कराचा, ते समजलं पायजे.”

शैली म्हणतात ती यापुढची गोष्ट. या जिल्ह्यात मराठी, हिंदी, छत्तीसगडी, पोवारी, गोंडी अशा बोली एका बाजारात भेटतात. मग पोवारांच्या लग्नात काय लावायचे, छत्तीसगडकडच्या वऱ्हाडाला काय पाहिजे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भीमगीतांचा क्रम कसा ठेवायचा, ९ ऑगस्टला आदिवासी दिनी रेला गाणे कोणत्या चालीत वाजले म्हणजे म्हाताऱ्या बायाही फेर धरतात, हे सगळे डोक्यात पाहिजे. जनगणनेच्या माणसाला नसेल एवढी गावांची माहिती या मुलाला आहे. रिकाम्या दिवसांत तो लॅपटॉपवर जुन्या गाण्यांखाली आपले ठोके बसवतो. अनेक डीजे अशा गाण्यांत दर मिनिटाला आपले नाव ओरडून घेतात. धाकटा एकदाच घेतो. त्याऐवजी गाणे बदलताना तो ताशाची एक छोटीशी तडतड घालतो. ती ऐकली की गावातली पोरे म्हणतात, तो आला! थोरल्याच्या धुमालमधूनच ती त्याने उचललेली आहे.

मला मोठी मौज वाटते ती ही की, जगाच्या दुसऱ्या टोकालाही ही विद्या अशीच जन्मली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, जमैकाहून आलेल्या घरातल्या एका मुलाने बहिणीच्या समारंभात तबकड्या वाजवल्या. त्याचे डीजेचे नाव कूल हर्क. गाण्यात गायक थांबून नुसते ढोल वाजू लागले की लोक बेभान नाचतात हे त्याने हेरले होते, आणि एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवत नेई. हिप-हॉप नावाचा संगीतप्रकार त्यातून निघाला असे मानतात. त्याच्या जमैकात तर १९५० च्या दशकापासून मोठमोठ्या पेट्या रस्त्यावर मांडून दोन चमूंचे सामने होत. आमच्याकडे विसर्जनाला दोन ट्रक समोरासमोर उभे राहतात आणि त्याला ‘कॉम्पिटिशन’ म्हणतात. फरक एवढाच की आमच्याकडे निकाल बहुधा बटनाने लागतो.

आणि दुखणे इथेच आहे. सुपारी ठरवायला गावकरी येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, “किती बेस आनता?” काय वाजवता, कसे वाजवता, हे विचारणारा विरळा. पैसा पेट्यांचा मिळतो, कानांचा मिळत नाही. म्हणून थोरला दरवर्षी दोन पेट्या वाढवतो, हप्ते वाढतात, आणि हप्ते फेडायला आवाज वाढवावा लागतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. मोजक्या दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट राज्य सरकार देऊ शकते. ट्रकभर पेट्या घेऊन ५५ डेसिबलमध्ये वाजवणे म्हणजे हत्तीला मांजराच्या पावलांनी चालवणे! तेव्हा पोलिसांची भीती एका बाजूला आणि गावाची हौस दुसऱ्या बाजूला, अशी या पोरांची ओढाताण असते.

पण मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. परतताना धाकटा सहज म्हणाला, “सर, रातच्याला कानात रातकिडा बसल्यासारखा वाटते. दादाले त दिवसाही आयकू येते.” मी त्याला आग्रहाने कानाच्या डॉक्टरांकडे नेले. तपासणीचा कागद त्यांनी आमच्यासमोर धरला. रेघ बरीचशी सरळ जात होती, आणि उंच स्वरांकडे, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास, एकदम खाली उतरली होती. मोठ्या आवाजाची पहिली खूण तिथेच पडते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो. पण दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. डीजे तिथे पाच-सहा तास उभा असतो. “गेलेले परत येत नाही,” डॉक्टर म्हणाले, “राहिलेले सांभाळा.”

ज्या कानांवर सगळी विद्या उभी, तेच कान या विद्येच्या भाड्यात जातात!

धाकट्याने आता कानांत बोळे घालायला सुरुवात केली आहे. लोक हसतात. हलवायाने आपली मिठाई खाऊ नये तसे हे, असे एकाने म्हटलेही. तो टॉपच्या पेट्या उंचावर बांधतो, म्हणजे पुढच्या रांगेच्या कानठळ्या न बसवता आवाज मागपर्यंत जातो. थोरल्याला हे पटत नाही असे नाही. पण हप्ते त्याच्या नावावर आहेत. दोघांचे यावरून भांडण होते आणि पुन्हा दोघे मिळून ट्रक लादतात.

यंदाच्या मंडईसाठी त्यांच्याकडे चौदा सुपाऱ्या आल्या आहेत. तेरा ठिकाणी बेस किती ते विचारून झाले. चौदाव्या गावी रात्री नाटक आहे. त्याची घंटा व्हायच्या आत डीजे थांबला पाहिजे, अशी गावाची अट. विसार देताना तिथल्या म्हाताऱ्या पाटलांनी सांगितले, “पेट्या चारच आना, भाऊ. पन तो ताशावाला पोरगा पायजे.” थोरल्याने चार पेट्यांचे पैसे सांगितले. धाकट्याने मध्ये तोंड घालून त्यात पोराचे वेगळे लावले. आणि पाटलांनी ते कबूल केले.