कान्हेरीची चढण आणि घरातील ज्येष्ठ

वाचकहो, आपल्या घरातील सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीने ‘मला डोंगरावर जायचे आहे’ असे म्हटले, तर आपण काय उत्तर द्याल? बहुतेक घरांत ‘आता या वयात कशाला?’ असेच म्हटले जाते. त्या उत्तरात माया असते, धास्तीही असते. परंतु ते वारंवार ऐकणारी व्यक्ती पुढे विचारणेच सोडून देते. चालणे कमी झाले की मांडीचे स्नायू क्षीण होतात, तोल सांभाळण्याची सवय मोडते, आणि ज्या पडण्याच्या भीतीने आपण त्यांना घरी बसवलेले असते, ते पडणेच अधिक संभवते.

आमच्या भाईंदरच्या घरी ही इच्छा माझ्या सासूबाईंनी व्यक्त केली. वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा दुखरा, रक्तदाबाची गोळी नित्याची. न्हाणीघरात एकदा पाय घसरल्यापासून त्यांचे फिरणे इमारतीच्या आवारापुरते उरले होते. ‘कान्हेरी एकदा पाहायची राहिली,’ एवढेच त्या म्हणाल्या. माझ्या यजमानांचा स्पष्ट नकार होता. ‘आईंना काही झाले तर?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. ‘आणि काहीच झाले नाही, नुसतीच वर्षे गेली तर?’ हा सासूबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. शेवटी निर्णय डॉक्टरांवर सोपवला. त्यांनी हृदय व रक्तदाब तपासून संमती दिली. मात्र आधी सहा आठवडे सराव करण्यास सांगितले. रोज सकाळी इमारतीचा एक जिना, मग दोन, मग तीन, असा तो सराव झाला.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आपल्या मिरा-भाईंदरला अगदी लागून आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या वनात कान्हेरीचा डोंगर आहे. लोकलने बोरिवलीस उतरले की पूर्वेला उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. तेथून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत. हे अंतर वाहनाने जावे आणि पायांचे बळ डोंगरासाठी राखून ठेवावे. वाहनाची सोय आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात; सोमवारी उद्यान बंद असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात तोच काळा दगड तापतो.

पायथ्यापासून थोड्या पायऱ्या चढल्या की तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह येते. त्याच्या ओसरीत सुमारे सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती आहेत. त्यापुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या एकेक टप्पा वर नेतात. येथे शंभराहून अधिक लेणी असल्यामुळे वाटेत थांबण्यास जागा हवी तेवढी मिळते. अनेक लेण्यांत बसण्यासाठी दगडी ओटे कोरलेले आहेत. सासूबाई प्रत्येक ओट्यावर बसल्या. पाठीमागून आलेली तरुण मंडळी पुढे निघून जात होती. आम्ही कोणाशीही बरोबरी करीत नव्हतो.

माथा थोडा उरला असता त्या थांबल्या. ‘पुरे. इथवर छान झाले,’ असे त्या म्हणाल्या. ‘आई, आता थोडेच राहिले आहे,’ हे शब्द माझ्या यजमानांच्या ओठांवर आले होते. मी त्यांना खुणेनेच थांबवले. घरातून निघतानाच आम्ही ठरवले होते, की परतण्याचा शब्द त्यांचा असेल आणि त्यावर कोणी आग्रह करणार नाही. समोर वनराजीचा हिरवा विस्तार होता आणि त्यापलीकडे शहराच्या इमारती. आम्ही सारे तेथेच अर्धा तास बसलो. ज्या व्यक्तीच्या जेवणापासून झोपेपर्यंतच्या वेळा इतरांनी ठरवलेल्या असतात, तिला ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार मिळणे हेही औषधच आहे.

उतरण्याविषयी मात्र सावध राहा. चढताना दम लागतो, पण उतरताना गुडघ्यांवर भार अधिक येतो आणि पाय घसरण्याचा धोकाही तेव्हाच जास्त. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. सोबत्याने चढताना एक पायरी मागे आणि उतरताना एक पायरी पुढे राहावे. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खालची पायरी धूसर दिसते, म्हणून मान झुकवून वरच्या भागातून पाहावे. बोलत बोलत चढता येईल एवढीच गती ठेवावी. वाक्य तुटू लागले की बसावे. उतारवयात तहान लवकर जाणवत नाही, म्हणून वेळ ठरवून पाणी प्यावे. मधुमेही व्यक्तींनी उपाशी निघू नये व साखर जवळ ठेवावी. नेहमीची औषधे स्वतःहून चुकवू नयेत. छातीत दुखणे, चक्कर किंवा बसूनही न शमणारी धाप जाणवल्यास चालणे तेथेच थांबवून तत्काळ मदत मागवावी. खाऊची पिशवी बंद ठेवावी, कारण तेथील माकडे ती सहज हिसकावतात.

कान्हेरीच्या शिलालेखांत दानांची नोंद आहे. कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांनी लेणी दिली, पाण्याच्या पोढी दिल्या. त्यात कल्याणच्या एका लोहाराचेही नाव आहे. त्याने मूर्ती दिली नाही, दालन दिले नाही. त्याने चालण्यासाठी वाट दिली. ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्या प्रत्येकाला या दानाचे मोल कळेल. त्यांच्यासाठी आपल्याला डोंगर चढायचा नसतो, त्यांना चढता येईल अशी वाट करून द्यायची असते: आधीचा सराव, सावकाश गती, आधाराचा हात आणि परत फिरण्याची मोकळीक.

कान्हेरी अवघड वाटत असेल, तर आपल्याच शहरातील घोडबंदर किल्ल्यापासून आरंभ करा. टेकडी लहान आहे आणि वरून खाडी दिसते. तेही जड वाटले, तर इमारतीचा एक जिना आहेच. येत्या रविवारी घरातील ज्येष्ठांना एवढेच विचारा, ‘कुठे जायला आवडेल?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.