गोडव्याचा पाठभेद

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक नांदेडला, एक लातूरला. आमच्यातला न मिटलेला वाद व्हॉल्व्हच्या हेडफोन ॲम्प्लिफायरविषयी आहे. किशोरी आमोणकरांचा भूप त्यावर ऐकला, की ३०० ओहमच्या हेडफोनमध्ये स्वर मोकळे आणि गोड येतात. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये मात्र तंबोरा नको तितका घुमू लागतो.

कारण जोडीत आहे. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अशा ॲम्प्लिफायरचा स्वतःचा इम्पिडन्स बहुधा मोठा असतो. तो १०० ओहम धरला, तर पहिल्या हेडफोनला व्होल्टेजचा पाऊण हिस्सा मिळतो, दुसऱ्याला जेमतेम पाव. शिवाय हेडफोनचा इम्पिडन्सही स्वरागणिक बदलतो. त्यामुळे खर्जाचा तोल सुटतो. हेडफोनचे ओहम ॲम्प्लिफायरच्या किमान आठपट असावेत, या प्रचलित नियमाने तर आमची आवडती जोडही उत्तीर्ण होत नाही.

मग हा गोडवा कोणाचा? व्हॉल्व्ह मूळ स्वरात त्याच स्वराचा वरच्या सप्तकातला अंश मिसळतो, म्हणून ती भर कानाला खुपत नाही. लातूरकर विचारतात, तंबोऱ्याची जवारी तरी वेगळे काय करते? नांदेडकरांचे उत्तर असे, की जवारी कलावंत लावतो, व्हॉल्व्ह श्रोता. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा निकष गोडव्याचा नव्हता; पाठ ज्ञानदेवांचा आहे काय, हा होता.

आता आम्ही आधी कमी इम्पिडन्सच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर ऐकतो, नंतर व्हॉल्व्हवर. गोडवा नाकारायचा नाही. मात्र मूळ पाठ कोणता आणि पाठभेद कोणता, एवढे कानाला ठाऊक असावे.